कपात सूचना

कपात सूचना म्हणजे अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागणीची, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी सरकारने सभागृहाकडे मागितलेली, रक्कम कमी करावी, असा खासदाराने किंवा आमदाराने सभागृहात मांडलेला प्रस्ताव. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ ने लोकसभेला आणि अनुच्छेद २०३ ने विधानसभेला मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करून मंजूर करण्याचा अधिकार दिला आहे. रक्कम वाढवण्याचा अधिकार सदस्यांना नाही. त्यामुळे आपल्या भागातल्या रखडलेल्या धरणासाठी जादा निधी हवा असलेल्या आमदारालाही जलसंपदा खात्याची मागणी कमी करा, असेच लिहून द्यावे लागते. पैसे वाचवणे हा या सूचनेचा हेतू क्वचितच असतो. मंत्र्याला उभे करून उत्तर द्यायला लावण्याची ती रीत आहे.

लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणावी, असे म्हणतात; अशा वेळी पर्यायी धोरण मांडण्याची मुभा असते. काटकसर सुचवायची असेल तर नेमकी किती रक्कम कमी करायची ते द्यावे लागते. एखादे गाऱ्हाणे मांडण्यापुरती १०० रुपयांची लाक्षणिक कपात सुचवतात. सूचना एकाच मागणीविषयी आणि एकाच विषयापुरती असावी, तिच्यात युक्तिवाद किंवा उपरोध नसावा, न्यायप्रविष्ट बाब नसावी, अशा अटी आहेत. भारित खर्चाला, म्हणजे कर्जावरील व्याज, न्यायाधीशांचे वेतन अशा सभागृहाच्या मताविना होणाऱ्या खर्चाला, ती लागू होत नाही. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. राज्याच्या डोक्यावरचे कर्ज वाढते तसा सभागृहाच्या कात्रीबाहेरचा हा भाग वाढत जातो.

ही पद्धत ब्रिटिश संसदेतून आली. तिथे २१ जून १८९५ रोजी दारूगोळ्याच्या अपुऱ्या साठ्यावरून युद्धमंत्र्यांचा पगार १०० पौंडांनी कमी करण्याची सूचना १३२ विरुद्ध १२५ मतांनी संमत झाली आणि पंतप्रधान रोझबरी यांच्या सरकारने राजीनामा दिला. रक्कम किरकोळ होती, पण खर्चाच्या प्रश्नावर हरलेल्या सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही, असा अर्थ लावला गेला. तोच संकेत भारतातही मानला जातो.

भारतात आधी बोलण्याचा हक्क मिळाला, मताचा नंतर. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना अर्थसंकल्पावर भाषण करता येऊ लागले, मतदान मात्र नव्हते. त्याच चौकटीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी शाही कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. दुष्काळाने जनता गांजलेली असताना सरकारी तिजोरीत शिल्लक साठते, हे करांचे ओझे अवाजवी असल्याचे लक्षण आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मिठावरचा कर पुढच्याच वर्षी मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो केवळ त्या भाषणाने आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

१९१९ च्या कायद्याने काही मागण्या मतदानाला खुल्या झाल्या आणि कायदेमंडळात शिरून सरकारची अडवणूक करू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षाने हे हत्यार पुरते वापरले. मार्च १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने जकात, प्राप्तिकर, मीठ आणि अफू या खात्यांच्या मागण्या फेटाळल्या. व्हाइसरॉयने त्या आपल्या अधिकारात पुन्हा बहाल केल्या. नागपूरच्या मध्य प्रांत विधिमंडळात डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नेतृत्वाखालच्या स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. तिथे मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये ठरवला गेला. कपातीतला उपरोध याहून धारदार क्वचितच झाला असेल.

स्वातंत्र्यानंतर कपात सूचनेवर केंद्रातले सरकार पडलेले नाही. पक्षादेश आणि पक्षांतरबंदीमुळे आता ते अवघडच आहे. इंधन दरवाढीवरून विरोधकांनी मतदान मागितले तेव्हा, २७ एप्रिल २०१० रोजी, लोकसभेत सरकारच्या बाजूने २८९ आणि विरोधात २०१ मते पडली. झारखंडचे मुख्यमंत्री शिबू सोरेन त्या वेळी लोकसभेचेही सदस्य होते. रांचीत भाजपच्या पाठिंब्यावर सरकार चालवत असताना त्यांनी दिल्लीत काँग्रेस आघाडीच्या बाजूने मत दिले. दिल्लीतले सरकार टिकले, पण भाजपने पाठिंबा काढल्याने रांचीतले सुमारे महिनाभरात गेले.

बहुतेक कपात सूचना मतदानापर्यंत पोचतच नाहीत. काही मंत्र्यांच्या उत्तरानंतर मागे घेतल्या जातात, उरलेल्या आवाजी मतदानाने नामंजूर होतात. मागण्यांसाठी ठरवलेल्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटीन म्हणतात. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा केंद्रीय खर्च लोकसभेने गदारोळात, चर्चेविना संमत केला.

महाराष्ट्रात अर्थसंकल्प दोन्ही सभागृहांत मांडला जातो, पण मागण्यांवर मत देते ती विधानसभाच. पुरवणी मागण्यांवरही, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमांवरही, कपात सूचना देता येते, मात्र बोलणे त्या मागणीतल्या बाबींपुरतेच ठेवावे लागते. २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्प मांडल्यावर पंधरवड्याच्या आत ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत लाडकी बहीण योजनेचे २५,००० कोटी होते. एवढी मोठी रक्कम मूळ अर्थसंकल्पाबाहेरून येत असेल, तर आधीच्या चर्चेला कितपत वजन उरते, हा विरोधकांचा जुना आक्षेप आहे.

प्रत्यक्षातली कपात सभागृहात होत नाही, ती मंत्रालयात होते. मंजूर तरतूद म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा. तेवढा निधी वितरित केलाच पाहिजे असे बंधन सरकारवर नसते. करोनाच्या काळात वित्त विभागाने ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने २०२०-२१ च्या विकासखर्चाची मर्यादा अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणली, प्राधान्य आरोग्य, अन्नपुरवठा आणि मदत-पुनर्वसन अशा मोजक्या खात्यांना दिले आणि नवी भरती थांबवली. दोन महिन्यांपूर्वीच संमत झालेल्या तरतुदी अशा रीतीने तिसऱ्या हिश्श्यावर आल्या आणि त्यासाठी विधानसभेत एकाही कपात सूचनेची गरज पडली नाही.