पोदेराचा टायर आणि ग्रॅव्हलची शर्यत

गोव्यात डिचोलीत आमच्या वाड्यावर पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो. काळी जुनी सायकल, मागे पावाची टोपली, वर निळं प्लास्टिक. टायरच्या कडेला उठावाची अक्षरं: २८ × १ १/२. म्हणजे रुंदी साधारण ४० मिमी. गेल्या रविवारी मित्राने कार्बनची नवी ग्रॅव्हल रेसिंग सायकल, म्हणजे कच्च्या, खडीच्या रस्त्यांवरच्या शर्यतींची सायकल, दाखवायला आणली. तिच्या किमतीत पोदेराच्या पन्नास सायकली येतील. टायर मात्र तेवढाच, ४० मिमी! पोदेराने अंगठ्याने तो दाबून पाहिला आणि वारा कमी आहे, असं त्याचं मत पडलं.

शर्यतीच्या जगाचंही शंभरेक वर्षं हेच मत होतं. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला तो दगडी रस्त्यांवरचे हादरे कमी व्हावेत म्हणूनच. पुढे रस्ते डांबरी झाले, टायर बारीक होत २३ मिमीवर आले आणि हवेचा दाब ११०-१२० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड) चढला. कडक म्हणजे वेगवान, हे जणू ठरूनच गेलं. गुळगुळीत रस्त्यावर ते बरंचसं खपून जातं. पण आपल्या खनिजाचे ट्रक धावणाऱ्या खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतो. सायकलीला पुढे नेणारी ताकद वर उसळण्यात जाते आणि उरलेला हादरा हात, खांदे, कंबर सोसतात. रुंद, मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि चाक जमिनीला धरून राहतं. म्हणजे इथे आराम आणि वेग एकाच बाजूला असतात.

याची चुणूक आधीही दिसली होती. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासाल याने पुढच्या चाकाला रॉकशॉक्सचा सस्पेन्शन फोर्क (हादरे पिणारा चिमटा) लावून पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची शर्यत जिंकली, तीही दोनदा लागोपाठ. तरी रोड सायकलींत तो फोर्क रुजला नाही.

खरी कलाटणी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये मिळाली. एम्पोरिया गावाजवळच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ साली ३४ जण २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२० किमीच्या कच्च्या रस्त्यावर उतरले. आज ती शर्यत अनबाउंड ग्रॅव्हल म्हणून ओळखली जाते. तिथली गारगोटी ब्लेडसारखी टायर कापते. सुरुवातीला लोक मिळेल ती सायकल आणायचे, त्यात सायक्लोक्रॉसच्या बऱ्याच. पण सायक्लोक्रॉस म्हणजे चिखलातली तासाभराची झटापट. तिथे टायरला ३३ मिमीची मर्यादा, सायकल आखूड आणि चपळ. तिच्यावर बारा तास बसून पाहा, म्हणजे कंबर काय म्हणते ते कळेल! २०१२ च्या सुमारास साल्सा कंपनीची वॉरबर्ड सायकल आली, खास याच शर्यतींसाठी बांधलेली. व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) लांब, बसणं जरा ताठ, टायरला जागा भरपूर.

हे जमलं ते डिस्क ब्रेकमुळे. रोड सायकलींच्या रिमवर चिमटा धरणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये रुंद टायर मावतच नव्हता. आत ट्यूबच नसलेल्या ट्युबलेस टायरमुळे ट्यूब चिमटून पंक्चर होण्याची भीती गेली आणि हवा तीस-पस्तीस पीएसआयवर आणता आली.

मग कंपन्यांनी डोकी लढवली. स्पेशलाइज्डने आपल्या डायव्हर्ज या ग्रॅव्हल सायकलीच्या हँडलबारखाली २० मिमी दबणारी स्प्रिंग बसवली. कॅन्यनने २०१८ मध्ये आपल्या ग्रेल या सायकलीला चक्क दुमजली हँडलबार दिला. वरचा मजला लवचिक, हातांना आराम. लोक हसले, काहींना आवडलाही. २०२३ मध्ये ग्रेल नव्याने घडवली तेव्हा तो मजला उतरवला गेला. मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन म्हणजे टायरमधली योग्य हवा.

दरम्यान २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतोत पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा झाली आणि बेल्जियमचा जियान्नी व्हेरमीर्श जिंकला. रोडवरचे व्यावसायिक उतरले तशी वाऱ्याशी झुंज सुरू झाली. वारा कापावा म्हणून फ्रेमच्या नळ्या चपट्या झाल्या, केबली हँडलबारच्या पोटात शिरल्या. (आपल्या पावसाळ्यात त्या बदलायची वेळ आली की मेकॅनिकचा चेहरा पाहण्यासारखा असतो.)

आणि टायर अजून फुगतोच आहे. अलीकडे एम्पोरियात आघाडीचे कित्येक रायडर माउंटन बाइकचे दोन इंचांहून रुंद टायर घालून उतरतात, आणि ते मावावेत म्हणून फ्रेम पुन्हा नव्याने आखल्या जात आहेत. त्यांच्यापुढे आमच्या पोदेराचा टायर बारीक दिसतो.