उडी नेमकी कुठे पडणार : ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ची पार्श्वभूमी

‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला, तेव्हा ज्या यंत्रासाठी तो बनवला होता ते यंत्रच अडचणीत होतं. निंटेंडो कंपनीचा थ्रीडीएस हा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, फेब्रुवारीत जपानमध्ये २५,००० येनला आणि मार्चमध्ये अमेरिकेत २५० डॉलरला बाजारात उतरला होता. चष्म्याशिवाय पडद्यात खोली दिसते, हे त्याचं आकर्षण. पण त्या खोलीचं करायचं काय, हे दाखवणारा गेम सोबत नव्हता. ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येन आणि १७० डॉलरपर्यंत खाली आली. आधीच पूर्ण पैसे मोजलेल्यांची समजूत काढायला कंपनीने २० जुने गेम मोफत दिले. वर्ष सरता सरता मारिओचे दोन गेम आले, एक हा आणि दुसरा गाड्यांच्या शर्यतीचा, तेव्हा कुठे यंत्राची विक्री सावरली.

या गेमची गोडी कशात, याचं उत्तर बहुतेक जण पडद्यातल्या त्या खोलीत शोधतात. मला ते पटत नाही.

मारिओ कोण, हे सांगायला नको. टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडून खेळलेली आपल्याकडची अख्खी पिढी त्याला ओळखते. तो मारिओ डावीकडून उजवीकडे पळायचा. १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या गेममध्ये त्याला मोकळं मैदान मिळालं. अ‍ॅनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्याने ढकलायची दांडी, जरा ढकलली की चालणं, पूर्ण ढकलली की धावणं, आणि कॅमेरा फिरवण्याचं काम खेळणाऱ्याकडे. त्याबरोबर एक नवीच पंचाईत आली: उडी मारली तर आपण पडणार कुठे? पुढचा ठोकळा किती लांब आहे, हे सपाट पडद्यावर डोळ्याला कळत नाही. म्हणून उजेड कुठूनही येवो, सावली मारिओच्या बरोबर खाली पाडायची पद्धत आली. सावली बघत उतरायचं. सरावलेल्याला ते जमतं, बाकीचे खड्ड्यात.

२००४ मध्ये १९९६ चा तोच गेम थ्रीडीएसच्या आधीच्या डीएस या हँडहेल्डवर आला. गोळा करायचे १२० तारे होते त्यांचे १५० झाले, मारिओच्या जोडीला आणखी तिघे आले. पण डीएसला स्टिकच नव्हती. एक तर दिशेच्या बटणांवर आठ दिशांत चाला आणि धावायला वेगळं बटण दाबा, नाहीतर अंगठ्याला पट्टा अडकवून टचस्क्रीनवर घासत बसा. मोकळ्या मैदानातला मारिओ हातातल्या यंत्रात मावतो, एवढं त्यातून कळलं. तो सुखाने खेळता येतो असं मात्र म्हणवत नव्हतं.

खरा प्रश्न विक्रीने उभा केला. २००६ मध्ये डीएसवर डावी-उजवीचा मारिओ नव्या रूपात आला आणि ३ कोटींच्या वर खपला. २००९ मध्ये घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, आलेला त्याचा भाऊही ३ कोटींपार गेला. याउलट २००७ चा, गोल ग्रहांवर उलटंसुलटं पळायला लावणारा मारिओ समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तरी सव्वा कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला. २०१० मध्ये त्याचा दुसरा भाग आला, तेव्हा जपानमध्ये कसं खेळायचं हे दाखवणारी डीव्हीडी सोबत दिली होती. घरोघरी पोचलेल्या पात्राला शिकवणी लागावी, यातच सगळं आलं.

‘थ्रीडी लँड’ बनवणारा टोकियोतला गट तोच, ग्रहांवरचे दोन्ही भाग केलेला. त्यांनी जे केलं त्यावरून चाहत्यांत अजून वाजतं. त्यांनी मैदानच काढून टाकलं. त्याजागी अरुंद वाट, वर पळतं घड्याळ आणि शेवटी झेंड्याचा खांब, अगदी जुन्या कॅसेटमधल्यासारखा. कॅमेरा वरून तिरका आणि जवळजवळ खिळलेला. वळवलाच तर थोडासा वळतो. यंत्राला स्टिक असूनही धावायला बटण. १९९६ पासूनची तिहेरी उडी गायब. मार लागला की मारिओ पुन्हा लहान होतो, जसा पूर्वी व्हायचा.

जुन्या भिडूंना ही सरळ माघार वाटली. कोपरे धुंडाळायची मजा गेली, गेम फार सोपा केला, ही त्यांची तक्रार. पहिल्या आठ जगांपुरती ती खरी आहे. एकाच टप्प्यात पाच वेळा मेलात की अजिंक्य करणारं पान मिळतं, दहा वेळा मेलात की थेट शेवटाजवळ नेऊन सोडणारा पंख. पण तिथे थांबून निकाल देणाऱ्यांनी पुढची आठ जगं पाहिलेली नसतात. तिथे घड्याळ आवळलेलं असतं, कुठे मारिओची काळी सावली पाठलाग करते, आणि तीच अरुंद वाट घाम काढते.

आणि वाट अरुंद का, याला कारण आहे. दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलं होतं की टप्प्यांची रचना जपानी चार चौकटींच्या चित्रकथेवरून घेतली: ओळख, वाढ, कलाटणी, शेवट. उडी मारताच उलटणाऱ्या लाल-निळ्या फळ्या घ्या. अशी गोष्ट आधी धोका नसलेल्या जागी भेटते, मग खाली दरी येते, मग त्याच गोष्टीचा भलताच उपयोग होतो, आणि खांब. सगळं काही मिनिटांत. खेळणारा कुठेही भटकू शकतो अशा मैदानात हा क्रम टिकत नाही. कुणी कलाटणीच आधी गाठेल. दोन स्टेशनांच्या मधे एक टप्पा संपवून झाकण मिटायचं, हे हँडहेल्डचं खरं सुख, आणि ते या निर्णयातून आलं.

मग पडद्यातल्या खोलीचं काय? नावातल्या ‘थ्रीडी’त दोन गोष्टी मिसळल्या आहेत: मारिओ तिन्ही दिशांना फिरतो ही एक, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात ही दुसरी. दुसरीवर कंपनीने १९८७ मध्ये चष्म्याने आणि १९९५ मध्ये लाल-काळ्या पडद्याच्या यंत्राने हात पोळून घेतले होते. या वेळी तिचा उपयोग मात्र खरा होता. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहिला की सपाट पडद्यावरच्या उडीची अडचण समजते. थ्रीडीएसने तो मिटलेला डोळा उघडला. गेममधल्या काही दालनांत ठोकळे असे रचले आहेत की खोली कमी-जास्त करणारा बाजूचा स्लायडर खाली असताना कोणता जवळ, कोणता लांब हे ओळखूच येत नाही. गंमत अशी की गेममधल्या दुर्बिणीतून बघायला यंत्र हलवावं लागतं, आणि यंत्र हललं की खोलीचा परिणाम फिसकटतो.

पण स्लायडर पूर्ण खाली ठेवूनही गेम शेवटपर्यंत खेळता येतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये लहान मुलांसाठी थ्रीडीएसचाच भाऊ टूडीएस आला. त्यात खोली दाखवणारा पडदाच नव्हता आणि हा गेम त्यावर सहज चालला. दोन्ही डोळ्यांची करामत नसेल तर मारिओ तिथे जास्त वेळा पडतो, एवढाच फरक. अरुंद वाट काढून टाकली असती तर मात्र गेमच उरला नसता.

त्याच वर्षी हाच साचा चार जणांसाठी घरच्या कन्सोलवर गेला, आणि २०२१ मध्ये कंपनीच्या स्विच या नंतरच्या यंत्रावर पुन्हा आला. मैदानवाल्यांनाही २०१७ मध्ये हवं ते मिळालं. स्विचवरचा तो मारिओ हातात धरूनही खेळता येतो आणि अडीच कोटींच्या वर खपला. माघारीची गरज नव्हतीच, असं म्हणायला त्यांना हे निमित्त पुरलं; पण त्या गेममध्येही वाट दाखवणाऱ्या बाणांची सोय ठेवावी लागली, हे ते सांगत नाहीत. ‘थ्रीडी लँड’ मात्र स्विचच्या त्या सगळ्या काळात तिथे आला नाही. थ्रीडीएसचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, त्याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, आणि तेव्हापासून हा गेम रीतसर घ्यायचा तर यंत्रासकट कार्ट्रिज शोधावी लागते.