प्रयोगशाळेतला घातक रासायनिक कचरा: प्राधिकारपत्राचा अर्ज अडतो कुठे

घातक कचरा निर्माण करायला, साठवायला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, तिलाच प्राधिकारपत्र म्हणतात. त्यासाठीचे प्रयोगशाळांचे अर्ज सर्वांत जास्त अडकतात ते फॉर्म १ मधल्या, म्हणजे अर्जाच्या नमुन्यातल्या, कचऱ्याच्या वर्णनापाशी. तिथे 'मिश्र रसायने, अंदाजे ५० किलो' असं लिहिलं की त्रुटीपत्र आलंच म्हणून समजा. घातक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत प्रत्येक प्रकाराला अनुसूचीतला क्रमांक आहे आणि मंडळाला तोच हवा असतो. वापरलेले सॉल्व्हंट (इतर पदार्थ विरघळवणारे द्रव) २०.२ मध्ये येतात. रसायनांनी बरबटलेल्या रिकाम्या बाटल्या आणि डबे ३३.१ मध्ये येतात. हा दुसरा क्रमांक जवळपास सगळेच विसरतात आणि बाटल्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. त्या बाटल्या पुढे कोणाच्या हातात जातील, त्यात कोण काय भरेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

अर्ज कोणी करायचा? असा कचरा निर्माण करणाऱ्या, साठवणाऱ्या प्रत्येकाने, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जैववैद्यकीय आणि किरणोत्सारी कचऱ्याचे नियम वेगळे आहेत, ते या अर्जात घुसडू नका. जल आणि वायू प्रदूषणाच्या कायद्यांखाली ज्या उद्योगांना मंडळाची संमतीच लागत नाही, त्यांना २०१९ च्या दुरुस्तीने प्राधिकारपत्रातून सूट मिळाली आहे. पण ही सूट कचरा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे किंवा अधिकृत वापरकर्त्याकडे सोपवण्याच्या अटीवरच आहे. 'आम्हाला सूट आहे' म्हणत ॲसिड बेसिनमध्ये ओतणाऱ्यांनी ही अट पुन्हा एकदा वाचावी.

कागदपत्रांत स्थापना-संमती आणि चालवण्याची संमती या दोन्हींच्या प्रती लागतात. नूतनीकरण असेल तर आधीच्या अटी पाळल्याचा पूर्तता अहवालही स्वतः प्रमाणित करून जोडायचा. महाराष्ट्रात मंडळ संमती आणि प्राधिकार बऱ्याचदा एकाच पत्रात देतं, म्हणून नवा अर्ज भरण्याआधी जुनं पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्यातला घातक कचऱ्याचा तक्ता रिकामा असेल तर तुमच्याकडे प्राधिकार नाही, पत्रावर शिक्का कितीही ठळक असो. कचरा शेवटी कुठे जाणार, हेही दाखवावं लागतं. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. त्यांच्या सदस्यत्वाची चौकशी अर्जाआधीच सुरू करा, कारण घाईच्या वेळी नेमका हाच कागद हातात नसतो.

मंडळाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पण हे दिवस अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण झाल्यापासून मोजले जातात. एक जोडपत्र राहिलं की मोजणी सुरूच होत नाही आणि अर्जदार मात्र पोचपावतीच्या तारखेवर बोट ठेवून वाट बघत बसतो. हे सरळ शब्दांत सांगायची तसदी कार्यालयं का घेत नाहीत, कळत नाही. पत्र मिळालं की ते ५ वर्षं चालतं.

आता खरी डोकेदुखी: लेबल नसलेल्या बाटल्या. फ्यूम कपाटाच्या (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाच्या) तळाशी तपकिरी बाटली असते, वाफांनी लेबल खाल्लेलं असतं आणि वर मार्करने नुसतं 'वेस्ट' लिहिलेलं असतं. आत काय आहे ते ठरल्याशिवाय तिचा क्रमांक लागत नाही, आणि केंद्रही तपासणीशिवाय ती घेत नाही. जुनं ईथर किंवा सुकलेलं पिक्रिक ॲसिड असण्याची शंका जरी आली तरी झाकणाला हात लावू नका, बाटली हलवूही नका. दोन्ही स्फोटक होतात. तिथे जाणकारालाच बोलवा. नवा कचरा पहिल्या दिवसापासून वेगवेगळा ठेवा: क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट एका डब्यात, बाकीचे दुसऱ्यात. नायट्रिक ॲसिड सॉल्व्हंटपासून लांब, सायनाइड कुठल्याही ॲसिडपासून लांब. सीओडी चाचणीच्या (पाण्यातलं प्रदूषण मोजणाऱ्या चाचणीच्या) उरलेल्या द्रावणात पारा, चांदी, क्रोमियम आणि सल्फ्युरिक ॲसिड एकत्र असतं, त्याला स्वतंत्र डबाच हवा. डब्यावरचं फॉर्म ८ चं लेबल चमकदार पिवळं, पाण्याने न जाणारं, इशारा लाल अक्षरांत.

साठवणुकीची मुदत ९० दिवस आहे, डबा भरो वा न भरो. वर्षातून एकदाच गाडी बोलावणाऱ्या प्रयोगशाळा इथेच सापडतात. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, पण ती आपोआप मिळत नाही. अर्जासोबतच कारण देऊन मागा.

गाडी आली की फॉर्म १० च्या, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूकपत्राच्या, सात प्रतींवर सही करा. पांढरी प्रत मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. निळी प्रत केंद्राकडून परत यायला हवी. ती आली नाही तर पाठपुरावा करा, कारण कचरा पोहोचल्याचा तुमच्या हातातला पुरावा तीच आहे.

फॉर्म ४ चं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत द्यायचं. ३० सप्टेंबर ही तारीख पर्यावरण विवरणपत्राची, म्हणजे फॉर्म ५ ची. दोन्हींची गल्लत करून सप्टेंबरपर्यंत निवांत राहणारे दरवर्षी भेटतात. वर्षभरात एकही डबा बाहेर गेला नसेल तरी वर्षअखेरचा साठा दाखवून फॉर्म ४ भरा.