पुढचा ॲक्सल कुठे बसवायचा ते मडगार्डला विचारू नका

जुनी पिकअप हातात आली की पहिला राग निघतो पुढच्या सस्पेन्शनवर. जाड पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), दोन चाकं जोडणारा सलग बीम ॲक्सल, आणि म्हापशाहून पणजीला पोचेपर्यंत कंबरेचा निकाल. मग कुणी मऊ पाटे टाकतो, कुणी दुसऱ्या गाडीचा अख्खा क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा तुकडा) आणून इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवतो, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणार. गाडी खाली येते, मस्त दिसते, आणि मग कुणीतरी लांबून बघून म्हणतो की अरे चाक मडगार्डच्या मधोमध नाहीये, मागे गेलंय. तिथून पुढे गॅरेजमध्ये चार माणसं आणि पाच मतं.

चाक मागे गेल्यासारखं दिसायचं एक साधं कारण आहे. मडगार्डचा गोल कंपनीने मूळ उंचीसाठी काढलेला असतो, गाडी खाली आणली की चाक त्या गोलाच्या वरच्या अरुंद भागात शिरतं, आणि आधी डोळ्याला न कळणारा अर्ध्या इंचाचा फरक आता ठळक दिसायला लागतो. शिवाय आपल्याकडची खारी हवा आणि पाऊस, त्यात गंजलेला पत्रा किती वेळा कापून जोडलाय कुणास ठाऊक. अशा पत्र्यावरून माप घेण्यात अर्थ नाही. माप घ्यायचं चासीवरून, गाडीच्या सांगाड्यावरून, म्हणजे कंपनीने पाडलेली भोकं, रिव्हेट, पाट्याचं एक टोक धरणारा फिक्स हॅंगर ह्यांच्यावरून.

त्यामुळे काही खोलायच्या आधी गाडी सपाट जागेवर उभी करा, गवंड्याचा ओळंबा घ्या आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची सेंटर, चासीची भोकं सगळं खडूने जमिनीवर उतरवून ठेवा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) मोजा, कर्ण पण मोजा. 1947 ते 53 ची शेव्हरोले 3100 असेल तर 116 इंच यायला पाहिजे, विलीजची पिकअप असेल तर 118. दोन बाजूंत 10 मिमीचा फरक आला तर त्यांच्यातल्या साधारण 1200 मिमीच्या अंतरावर ॲक्सल अर्धा डिग्री तिरका बसलाय असा हिशोब. गाडी सरळ चालेल, पण स्टिअरिंग वाकडं धरून.

आता खरी गंमत पाट्यांची. पाटा म्हणजे वाकलेली पट्टी, वजन आलं की सपाट होते आणि सपाट झाली की तिची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. एक टोक हॅंगरमध्ये फिक्स असतं, दुसरं शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं, त्यामुळे ॲक्सल शॅकलच्या बाजूला सरकतो, ढोबळमानाने लांबी जेवढी वाढली त्याच्या निम्मा. शॅकल पुढे असेल तर पुढे, मागे असेल तर मागे. म्हणून इंजिन काढलेल्या रिकाम्या चासीवर ॲक्सल ‘बरोब्बर’ बसवला तरी सगळं वजन आल्यावर तो तिथे राहत नाही. इंजिन अजून मशीन शॉपमध्ये असेल तर त्याच्या जागी तेवढ्या वजनाचे चिरे रचा, आपल्याकडे चिऱ्यांना काय तोटा, आणि मगच माप घ्या.

पाट्याचा सेंटर बोल्ट पण नीट बघा, ॲक्सलची जागा त्यावरच ठरते आणि तो नेहमी मध्यावर नसतो. मध्यापासून एक इंच बाजूला असेल आणि मेस्त्रीने पाटा उलटसुलट करून बसवला, तर ॲक्सल चक्क दोन इंच सरकतो. ‘पाटे नवीन टाकले आणि गाडी बिघडली’ ह्या तक्रारीत संशय घ्यायला ही चांगली जागा आहे.

पण माझ्या मते इंचापेक्षा जास्त छळतो तो कोन. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं, ह्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा फोर्क तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती बऱ्यापैकी सरळ जाते, त्यात ह्याच झुकण्याचा हातभार असतो. 350 मिमी रेडिअसच्या चाकाला 3 डिग्री कॅस्टर असेल तर किंगपिनची रेषा जमिनीला जिथे लागते त्याच्या साधारण 18 मिमी मागे टायर टेकतो, आणि त्या अंतरामुळे चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं. आता गाडी फक्त पुढून 2 इंच खाली घेतली तर 116 इंचाच्या व्हीलबेसवर अख्खी चासी जवळजवळ 1 डिग्री पुढे झुकते, आणि 3 मधले 2 च उरतात. वर शॅकल पुढे असेल आणि कुणी लांब शॅकल टाकला तर अजून कमी. मग चोर्ला घाट उतरताना गाडी इकडेतिकडे भटकते आणि दोष टायरना दिला जातो. उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर, पण उलटी बसली तर होतं तेवढंही जातं, म्हणून पाटा ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट आवळायच्या आधी अँगल गेजने तपासा.

मग ॲक्सल इंचभर पुढे घ्यावा का? वजनाच्या वाटणीत फरक एक टक्क्याच्याही आत, तिथे काळजी नको. घोटाळा स्टिअरिंगमध्ये होतो. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) गाडीच्या लांबीत जाते, त्यामुळे ॲक्सल इंचभर पुढे गेला की लिंक तेवढीच अपुरी पडते. शिवाय ॲक्सल फिरतो पाट्याच्या फिक्स टोकाभोवती आणि लिंक फिरते स्टिअरिंग बॉक्सच्या आर्मभोवती. ही दोन टोकं ॲक्सलच्या विरुद्ध बाजूंना असली तर प्रत्येक स्पीड ब्रेकरवर स्टिअरिंग हातात झटका देणार. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये पाट्यांची भानगड नाही, पण तिथे क्रॉसमेंबर वेल्ड झाला की विषय संपला, म्हणून आधी नुसते टाके मारायचे, वजन ठेवायचं, दोन्ही बाजूंना फुल लॉक फिरवून टायर चासीला, मडगार्डला घासतो का बघायचं, इंजिनखालच्या ऑइल सम्पला आणि रेडिएटरला जागा आहे का बघायचं, आणि मगच पूर्ण वेल्ड. आणि हो, व्हीलबेस आरसीवर नोंदवायची गोष्ट आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असल्या बदलांबद्दलच आहे, त्यामुळे ॲक्सल हलवायचं पक्कं झालं तर ग्राइंडर चालवायच्या आधी आरटीओत जाऊन या.