इमारत अभिकल्पातील बहुशाखीय समन्वय

एकाच इमारतीच्या अभिकल्पावर (डिझाइनवर) काम करणाऱ्या निरनिराळ्या विद्याशाखांच्या तज्ज्ञांचे निर्णय, गणिते व आरेखने परस्परांशी सुसंगत राहावीत आणि एकाने केलेल्या बदलाचा परिणाम दुसऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचावा, यासाठी उभारलेली व्यवस्था. वास्तुविशारद, संरचना अभियंता, वातानुकूलन, विद्युत, पाणीपुरवठा, मलनिस्सारण व अग्निशमन यांचे सल्लागार आणि परिमाण सर्वेक्षक (सामग्री व खर्च यांचे मोजमाप करणारा तज्ज्ञ) हे तिचे नेहमीचे घटक होत. रुग्णालये, प्रयोगशाळा, विमानतळ अशा इमारतींत ध्वनिशास्त्र, दर्शनी आवरण, उद्वाहक (लिफ्ट) इत्यादींच्या तज्ज्ञांची त्यांत भर पडते.

स्वरूप : समन्वयाची गरज केवळ तज्ज्ञांची संख्या वाढल्यामुळे निर्माण होत नाही, ती निर्णयांच्या चक्रीय अवलंबनातून निर्माण होते. मजल्याच्या एकूण उंचीत स्लॅब, तुळई, हवेचे डक्ट, दिवे आणि छत यांना वाटा मिळावयाचा असतो. स्तंभांमधील अंतर वाढविले की तुळईची खोली वाढते आणि तिच्याखालून डक्ट नेण्यास जागा उरत नाही. डक्ट तुळईतून आरपार न्यावयाचा ठरल्यास त्यासाठी ठेवावयाचे छिद्र आधारापासून दूर ठेवणे श्रेयस्कर असते, कारण आधाराजवळ कर्तन बल (तुळईला आडवे कापू पाहणारे बल) अधिक असते. त्यामुळे डक्टचा मार्ग बदलतो, मार्गाबरोबर यंत्रखोलीची जागा बदलू शकते आणि यंत्रखोली हलली की तिचा भार पेलणाऱ्या मजल्याचे गणित पुन्हा करावे लागते. डक्टचा मूळ आकार शीतन भारावर (इमारतीतून काढून टाकावयाच्या उष्णतेवर), शीतन भार काचेच्या क्षेत्रफळावर व दिशेवर आणि काचेचे क्षेत्रफळ वास्तुविशारदाच्या दर्शनी रचनेवर अवलंबून असतो. अशा साखळीत आधी कोणी आणि नंतर कोणी काम करावे याचा सरळ क्रम लावता येत नाही.

या अवलंबनाची काटेकोर मांडणी करण्याचे साधन म्हणून अभिकल्प संरचना सारणीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. डोनाल्ड स्ट्यूअर्ड यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सर्व कामे आडव्या ओळींत आणि त्याच क्रमाने उभ्या स्तंभांत लिहितात व कोणत्या कामाला कोणाकडून माहिती लागते त्याच्या खुणा करतात. कामांचा क्रम बदलून शक्य तितक्या खुणा कर्णाच्या एका बाजूस आणल्यावरही काही खुणा दुसऱ्या बाजूस उरतात; त्यांचे जे गट पडतात ते खरे चक्रीय गट होत. अशा गटातील कामे संबंधितांनी एकत्र बसून सोडवावीत, अथवा एखादे मूल्य गृहीत धरून पुढे जावे व नंतर ते तपासावे, एवढेच दोन मार्ग राहतात. इंग्लंडमधील लाफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत इमारत अभिकल्पाला लागू करण्यात आली. व्यवहारात ती फारशी रुळली नाही, तथापि समन्वय म्हणजे मूलतः गृहीतकांची जबाबदार हाताळणी होय, ही गोष्ट तिच्याइतकी स्पष्टपणे अन्य कोणत्याही साधनाने दाखविलेली नाही.

विद्याशाखांच्या विभक्तीचा उगम : एकाच प्रमुखाच्या हाती असलेले काम निरनिराळ्या व्यवसायांत कधी विभागले गेले, याविषयी तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार विभक्तीचे बीज पंधराव्या शतकातील इटलीत सापडते. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट (१४२०–३६) उभारताना ब्रुनेलेस्की यांनी अभिकल्प, उचल यंत्रे आणि प्रत्यक्ष बांधकाम यांची सूत्रे स्वतःकडे ठेवली होती; त्यानंतर थोड्याच वर्षांत, साधारणतः १४५२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या व १४८५ मध्ये छापल्या गेलेल्या वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात आल्बेर्ती यांनी अभिकल्प हे बुद्धीचे, तर बांधणी हे कारागिराचे काम अशी फारकत केली. हे मत आकर्षक असले, तरी त्यातून अभिकल्पकार व कारागीर यांच्यातील अंतर स्पष्ट होते. अभिकल्पकारांचे आपापसांतील अंतर त्याने उलगडत नाही.

दुसरे मत अठराव्या शतकातील फ्रेंच शिक्षणसंस्थांवर भर देते. पॅरिसमध्ये वास्तुकलेची शाही अकादमी १६७१ मध्ये स्थापन झाली होती. पूल व रस्ते यांच्या अभियंत्यांसाठी १७४७ मध्ये स्वतंत्र विद्यालय आणि १७९४ मध्ये एकोल पॉलितेक्निक सुरू झाल्यावर वास्तुविशारद व अभियंता यांचे शिक्षण, गणिती भाषा आणि सामाजिक दर्जा ही तिन्ही वेगळी झाली. इंग्लंडमध्ये स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८१८ मध्ये व वास्तुविशारदांची १८३४ मध्ये स्थापन झाल्याने हीच विभागणी व्यावसायिक पातळीवर पक्की झाली.

तिसरे मत काळाच्या दृष्टीने सर्वांत अलीकडचे असून ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे बोट दाखविते. फ्रान्स्वा एनबिक यांनी १८९२ मध्ये प्रबलित काँक्रीटच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतल्यानंतर त्यांच्या कार्यालयाकडून संरचनेची गणिते व आरेखने करून मिळू लागली. म्हणजे इमारतीचा सांगाडा वास्तुविशारदाच्या कार्यालयाबाहेर ठरू लागला. याच दशकात उष्णता व वायुवीजन अभियंत्यांच्या संस्था अमेरिकेत (१८९४) आणि ब्रिटनमध्ये (१८९७) निघाल्या. इमारतीच्या आत फिरणारे पाणी, वीज, वाफ व हवा यांची जाळी वाढत गेली, तसतसे एकाच जागेवर अनेक तज्ज्ञांचे दावे सुरू झाले. आजच्या समन्वयाचा प्रश्न प्रामुख्याने जागेच्या आणि माहितीच्या वाटणीचा असल्याने हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते; पहिली दोन मते त्याची पूर्वपीठिका म्हणून पाहणे योग्य ठरेल.

विसाव्या शतकातील प्रयत्न : विभक्ती लक्षात येताच ती भरून काढण्याचा एक मार्ग म्हणून सर्व शाखा एका कार्यालयात आणण्यात आल्या. डेट्रॉइटमध्ये ॲल्बर्ट कान यांच्या कार्यालयाने कारखान्यांच्या अभिकल्पासाठी अभियंत्यांना वास्तुविशारदांच्या जोडीला बसविले. शिकागोमध्ये स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम व संरचना अभियंता फझलुर खान यांच्या सहकार्यातून जॉन हॅनकॉक सेंटरसारख्या इमारती साकारल्या. तेथे दर्शनी भागावरील तिरप्या धारण्या हीच इमारतीची संरचना आणि तिचे रूपही आहे. लंडनमध्ये ओव्ह अरप यांनी १९४६ मध्ये अभियांत्रिकी सल्लागार संस्था स्थापन केली आणि सर्व शाखांच्या एकत्रित अभिकल्पाचा विचार आयुष्यभर आग्रहाने मांडला. त्यांच्याच संस्थेचा सहभाग असलेले सिडनी ऑपेरा हाउस मात्र दुसरी बाजू दाखविते. योर्न उट्झॉन यांची रचना १९५७ मध्ये निवडली गेली आणि छताच्या कवचांची भूमिती निश्चित होण्यापूर्वीच, १९५९ मध्ये, बांधकाम सुरू झाले. एकाच गोलाच्या पृष्ठभागातून सर्व कवचे काढण्याचा उपाय १९६१ च्या सुमारास सापडला. १९६६ मध्ये उट्झॉन कामातून बाहेर पडले व इमारत १९७३ मध्ये खुली झाली.

ब्रिटनमध्ये या विषयाची चौकशी सरकारी पातळीवर झाली. एमर्सन (१९६२) व बॅनवेल (१९६४) यांच्या अहवालांनी अभिकल्प व बांधकाम यांतील दुराव्यावर बोट ठेवले. टॅव्हिस्टॉक या सामाजिक संशोधन संस्थेने १९६५ व १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेले अभ्यास अधिक मूलगामी होते. कागदावरची कार्यपद्धती कामे एकामागून एक होतात असे मानते, परंतु प्रत्यक्षात काम पुढे जाते ते अनौपचारिक देवाणघेवाणीवर, आणि परस्परावलंबन व अनिश्चितता ही या व्यवसायाची अंगभूत लक्षणे आहेत, असे त्यांत दाखवून दिले. पुढील लॅथम (१९९४) व ईगन (१९९८) यांच्या अहवालांची चर्चा अधिक झाली. ईगन अहवालाने भांडवली खर्च व बांधकामाचा कालावधी यांत दरवर्षी १० टक्के घट करण्याचे लक्ष्य सुचविले. तथापि निदानाच्या दृष्टीने त्यांनी टॅव्हिस्टॉकच्या पुढे फारशी मजल मारली असे म्हणता येत नाही.

समन्वयाच्या अभावाचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलचे आहे. १७ जुलै १९८१ रोजी तेथील दालनातील टांगते मार्ग कोसळून ११४ जण मृत्युमुखी पडले. मूळ आरेखनात चौथ्या व दुसऱ्या मजल्यांचे मार्ग छतापासून अखंड येणाऱ्या सळ्यांना टांगलेले होते. जोडणी सुलभ व्हावी म्हणून पोलाद जुळविणाऱ्या कारखान्याच्या आरेखनांत प्रत्येक सळीच्या जागी दोन सळ्या आल्या. खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला टांगला गेला आणि त्या तुळईखालील नटावर येणारा भार सुमारे दुप्पट झाला. हा बदल आरेखनांच्या मंजुरीच्या टप्प्यातून गणिताविना पार पडला. राष्ट्रीय मानक कार्यालयाच्या चौकशीत मूळ जोडही स्थानिक नियमांनुसार आवश्यक क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच असल्याचे आढळले. जोडाचा अभिकल्प कोणाचा, अभियंत्याचा की पोलाद जुळविणाऱ्या कारखान्याचा, याविषयी प्रत्येक पक्षाने दुसऱ्यावर विसंबून राहणे हे या दुर्घटनेचे मर्म होय. माहिती दोन्ही पक्षांसमोर होती. जबाबदारीची सीमा मात्र निश्चित नव्हती.

संगणकीय प्रतिमान (मॉडेल) : आरेखनांऐवजी इमारतीचेच वर्णन संगणकात साठवावे आणि सर्व नकाशे व छेद त्यातून काढावेत, म्हणजे बदल एकाच जागी करावा लागेल, ही कल्पना चार्ल्स ईस्टमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७४–७५ च्या सुमारास मांडली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांच्या अभिकल्पासाठी ऑक्सिस ही प्रणाली त्याच दशकात विकसित होत होती, आणि हंगेरीत १९८० च्या दशकात आर्किकॅड या सॉफ्टवेअरचा जन्म झाला. त्यामुळे या तंत्राचे जनकत्व एकाच व्यक्तीला किंवा देशाला देणे धाडसाचे ठरेल. बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) या लघुनामाने ते २००२ नंतर सर्वतोमुखी झाले. समन्वयाच्या दृष्टीने १९९२ मधील व्हान नेडरव्हेन व टोलमन यांचा शोधनिबंध विशेष महत्त्वाचा आहे, कारण इमारतीकडे पाहण्याच्या प्रत्येक शाखेच्या दृष्टीला स्वतंत्र प्रतिमान लागते, हे त्यांनी गृहीत धरले. वास्तुविशारदाची तुळई हा घन आकार असतो. संरचना अभियंत्याच्या विश्लेषणात तीच दोन बिंदूंना जोडणारी रेषा होते. भिंत ही ऊर्जागणितात उष्णता वाहून नेणारा पृष्ठभाग, तर परिमाण सर्वेक्षकासाठी चौरस मीटरांत मोजावयाची बाब असते. ही वर्णने एकमेकांत यांत्रिकपणे रूपांतरित होत नाहीत. रेषेवरून घन काढताना तुळईची वरची पातळी कोणती धरावयाची, हा प्रश्न माणसालाच सोडवावा लागतो.

निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण व्हावी म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यास स्थापन झालेल्या एका उद्योगसंघाने आयएफसी (इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस) हे माहितीचे खुले स्वरूप विकसित केले. तो संघ आज बिल्डिंगस्मार्ट या नावाने ओळखला जातो. हे स्वरूप २०१३ मध्ये आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाले. त्यात प्रकल्प, भूखंड, इमारत, मजला व खोली अशी उतरंड असून प्रत्येक वस्तूला २२ अक्षरचिन्हांत लिहिलेला १२८ बिटांचा अनन्य ओळखक्रमांक असतो. सॉफ्टवेअरने निर्यात करताना हा क्रमांक बदलला, तर कालची तुळई आणि आजची तुळई एकच आहे हे ताडून पाहण्याचा सोपा मार्ग नाहीसा होतो. आरंभबिंदू वेगवेगळे धरल्यास दोन शाखांची प्रतिमाने एकमेकांवर बसतच नाहीत. आयएफसीच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आलेल्या संदर्भ दृश्यात घेणाऱ्याने प्रतिमान पाहावे, मोजावे, पडताळावे, पण बदलू नये असा संकेत आहे. बदल हवा असल्यास तो ज्याचा भाग त्यानेच करावयाचा. सर्वांनी मिळून एकच प्रतिमान संपादित करण्याच्या सुरुवातीच्या स्वप्नापेक्षा ही मर्यादित भूमिका अधिक प्रगल्भ आहे, कारण तिच्यात कर्तृत्व आणि दायित्व एकत्र राहतात.

आयएसओ १९६५० (२०१८) या मानकमालिकेने हीच शिस्त माहितीच्या प्रवाहाला लावली. सामाईक माहिती कोशातील प्रत्येक दस्तऐवज ‘काम चालू’, ‘सामायिक’, ‘प्रकाशित’ व ‘संग्रहित’ यांपैकी एका अवस्थेत असतो. पहिल्या अवस्थेतील काम इतरांना दिसत नाही. सामायिक झालेल्या कामावर इतर शाखा विसंबू शकतात, परंतु त्यावरून बांधकाम करता येत नाही.

प्रतिमाने एकमेकांवर ठेवून छेदणाऱ्या वस्तू शोधणे म्हणजेच समन्वय, असा समज अलीकडे रूढ झाला आहे. नळ आणि तुळई एकमेकांत घुसल्याचे सॉफ्टवेअर दाखविते. परंतु दुरुस्तीसाठी झडपेपर्यंत हात पोहोचतो का, हे ते सांगितल्याशिवाय तपासत नाही. शिवाय छेद सापडतो तेव्हा दोन्ही निर्णय झालेले असतात. यंत्रखोल्या, उभ्या वाहिन्यांची जागा आणि मजल्याची उंची यांवर आरंभीच एकमत झालेले असल्यास अशा छेदांचे मूळच राहत नाही.

करार व मोबदला : प्रकल्पाच्या आरंभी खर्चावर प्रभाव पाडण्याची क्षमता सर्वाधिक आणि बदलाचा खर्च सर्वांत कमी असतो, हे बॉइड पॉलसन यांनी १९७६ मध्ये आलेखाने दाखविले होते. पॅट्रिक मॅक्लेमी यांच्या नावाने २००४ पासून प्रसिद्ध असलेला, अभिकल्पाचे श्रम आरंभीच्या टप्प्यांकडे सरकवावेत असे दाखविणारा वक्र याच विचाराचा विस्तार आहे. आरंभी अधिक काम करावयाचे तर शुल्काचे टप्पेही पुढे आणावे लागतात. पारंपरिक करारांत मात्र शुल्काचा मोठा भाग तपशीलवार आरेखनांना जोडलेला असतो आणि कंत्राटदार निविदेनंतरच येतो. यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियात सहयुती करार (सहभागी पक्षांनी जोखीम व लाभ वाटून घेण्याचे करार) पुढे आले. २००१ मध्ये खुले झालेले कॅनबरा येथील राष्ट्रीय संग्रहालय हे त्याचे इमारत क्षेत्रातील आरंभीचे उदाहरण मानले जाते. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने २००७ मध्ये एकात्मिक प्रकल्प पूर्ततेची मार्गदर्शिका काढली. या पद्धतीत मालक, अभिकल्पकार व कंत्राटदार शक्यतो एकाच करारावर सह्या करतात व नफा-तोटा वाटून घेतात, त्यामुळे दुसऱ्या शाखेची अडचण सोडविणे प्रत्येकाच्या हिताचे होते. मात्र तिच्या यशाचे पुरावे बहुतांशी निवडक प्रकल्पांच्या वृत्तांतांवर आधारलेले आहेत.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २००४ च्या अहवालात माहितीच्या सदोष देवाणघेवाणीमुळे तेथील भांडवली सुविधा उद्योगाला २००२ या वर्षात १,५८० कोटी डॉलरचा भुर्दंड पडल्याचा अंदाज दिला आहे. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भार मालक व इमारत चालविणाऱ्यांवर पडत होता. अभिकल्पाच्या टप्प्यातील माहिती देखभाल विभागाला वापरता येईल अशा स्वरूपात सुपूर्द व्हावी म्हणून कोबी (कन्स्ट्रक्शन ऑपरेशन्स बिल्डिंग इन्फर्मेशन एक्स्चेंज) हा तक्तावजा आराखडा अमेरिकेत २००७ च्या सुमारास तयार झाला. त्यात खोल्या, यंत्रे, त्यांचे उत्पादक व हमीचा कालावधी यांची नोंद ठेवली जाते.