मनाईचा पत्ता

चौकात उजवीकडे वळायला बंदी आहे, हे रस्त्यावर सांगायला एक गोल पाटी पुरते. डिजिटल नकाशात तीच बंदी नोंदवायला बसलं, की पहिलाच प्रश्न अडवतो: लिहायची कुठे? आपण आलो त्या रस्त्यावर लिहावी, तर त्यावरून सरळ जायला कुणाची हरकत नाही. जायचंय त्या रस्त्यावर लिहावी, तर समोरून येणारे खुशाल तिकडे वळताहेत. चौक तर सगळ्यांचाच. मनाई या तिघांपैकी कुणा एकाची नाही, तिघांच्या जोडणीची आहे.

२००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात म्हणूनच बिंदू आणि रेषा यांच्या जोडीला ‘रिलेशन’ नावाचा तिसरा प्रकार आहे. रिलेशन म्हणजे सरळ नातं. वळणबंदीच्या नात्यात तीन भूमिका असतात: कुठून, कशावरून, कुठे. शिवाय बंदीची जात लिहायची, म्हणजे ‘उजवीकडे नको’ किंवा ‘फक्त सरळ’. बंदी ठरावीक वेळेपुरतीच असेल किंवा बसला सूट असेल, तर तेही नोंदवता येतं.

नोंद झाली, तरी मार्ग शोधणाऱ्या प्रोग्रामचं दुखणं वेगळंच. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली पद्धत अशी, की एखाद्या चौकापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता सापडला, की तो चौक निकालात निघाला. पुन्हा तिकडे बघायचं नाही. आता चौकोनी आखणीच्या वस्तीत तुम्ही उत्तरेकडे निघालात आणि पूर्वेला वळायला मनाई आहे, अशी कल्पना करा. सरळ पुढे जा, मग तीन वेळा डावीकडे वळा. तुम्ही त्याच चौकात परत येता, पण आता तोंड पूर्वेला आहे आणि नुसतं सरळ जायचंय. मार्ग कायदेशीर, पण एकच चौक त्यात दोनदा येतो, आणि मूळ पद्धतीला तर ते मान्यच नाही!

उपाय सुरेख आहे. बिंदू आणि रेषा यांची अदलाबदल करायची. रस्त्याचा प्रत्येक तुकडा, त्याच्या दिशेसकट, हा बिंदू मानायचा आणि परवानगी असलेलं प्रत्येक वळण ही रेषा. बंदी असलेली रेषा काढायचीच नाही. कॉल्डवेल नावाच्या संशोधकाने ही युक्ती १९६१ मध्येच मांडली होती. किंमत मात्र मोजावी लागते: दुहेरी वाहतुकीच्या चार रस्त्यांचा एक साधा चौक यू-टर्न धरून १६ वळणांचा होतो.

इथवर ठीक. खरी पंचाईत लेनची. नकाशात तीन लेनचा रस्ता म्हणजे एकच रेषा असते, आणि दुभाजकासारखं काही प्रत्यक्ष मध्ये आल्याशिवाय तिचे दोन फाटे करायचे नाहीत, असा संकेत आहे. पण समजा, फाटा फुटायच्या २०० मीटर आधीपासूनच दुसऱ्या आणि तिसऱ्या लेनमध्ये सलग, म्हणजे ओलांडायला मनाई असलेली, पांढरी पट्टी आहे. नकाशाच्या मते निर्णयाची जागा पुढे, फाट्यावर. चालकाच्या दृष्टीने ती केव्हाच मागे पडलेली. म्हणून पट्टी सुरू होते तिथेच रेषा तोडतात आणि त्या तुकड्यावर प्रत्येक लेनची परवानगी, प्रवासाच्या दिशेने डावीकडून उजवीकडे, ओळीने लिहितात. दुसऱ्या लेनला ‘उजवीकडे नाही’, तिसऱ्या लेनला ‘डावीकडे नाही’. पट्टी एका बाजूने सलग आणि दुसरीने तुटक असली, तर यांपैकी एकच मनाई उरते. नोंद लेनवार असल्यामुळेच हा एकतर्फीपणा त्यात मावतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे डावीकडून रस्ता येऊन मिळतो, उजवीकडे लगेच बाहेर पडायची वाट आहे आणि मधल्या सगळ्या अंतरात सलग पट्टी. रेषा जोडलेल्या असल्याने प्रोग्राम बेधडक ‘उजवीकडे जा’ म्हणतो. लेनची नोंद त्याने वाचलीच नाही, तर तिचा उपयोग शून्य. मग पुन्हा नात्याकडेच यावं लागतं, फक्त ‘कशावरून’ या जागी बिंदूऐवजी मधला अख्खा तुकडा घालून. मला हे थोडं ठिगळ वाटतं, कारण पाटी नाही तिथे आपण पाटीची भाषा वापरतो.

स्वयंचलित गाड्यांच्या नकाशांनी वेगळी वाट धरली. २०१३ मध्ये जर्मनीत मानहाइम ते फोर्त्सहाइम असं सुमारे १०० किलोमीटरचं अंतर एका स्वयंचलित गाडीने कापलं, ते ‘लेनलेट’ पद्धतीच्या नकाशावर. २०१८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. यात रस्त्याची मधली रेषा नसते. लेनचा प्रत्येक तुकडा डाव्या आणि उजव्या कडेने बांधलेला असतो. शेजारच्या दोन लेन एकच कड वाटून घेतात आणि ती कड सलग की तुटक, हे कडेवरच लिहिलेलं असतं. लेन बदलायची परवानगी मग वेगळी नोंदवावी लागत नाही, कडेच्या प्रकारावरूनच ती काढता येते. मनाई जिथे रंगवलेली असते, नकाशातही तिथेच सापडते.