चार्ल्स ब्रूकिंग

चार्ल्स ब्रूकिंग (अंदाजे १७२३ ते २५ मार्च १७५९) हा अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार. समुद्र, गलबतं आणि वारा हेच त्याचे विषय. जेमतेम छत्तीस वर्षं जगला, पण व्हान डे व्हेल्डे या डच समुद्रचित्रकार बापलेकांनंतर इंग्लंडात या प्रकारात इतका तयार हात कुणाचा नव्हता असं बरेच जाणकार मानतात, आणि पुढच्या पिढीतल्या नामांकित इंग्लिश चित्रकार टर्नरच्या आधीच्या काळापुरतं तरी ते मत खोडणं अवघड आहे.

जन्मसाल कुठल्या चर्चच्या वहीतून आलेलं नाही. १७४० सालच्या कामावर त्याने सहीजवळ आपलं वय १७ लिहून ठेवलंय, त्यावरून वजाबाकी करून १७२३ काढतात, म्हणजे एखादं वर्ष इकडेतिकडे धरायलाच हवं.

घराण्याबद्दल मात्र बराच घोळ आहे. जुनी माहिती जवळपास सगळी एडवर्ड एडवर्ड्‌सच्या १८०८ मधल्या चित्रकार-चरित्रांतून येते, म्हणजे ब्रूकिंग जाऊन पन्नासेक वर्षं झाल्यावर लिहिलेली. तो म्हणतो की ब्रूकिंग डेटफर्डच्या सरकारी गोदीतल्या कुठल्याशा खात्यात वाढला. कुठलं खातं, कधी, कुणाच्या हाताखाली, काही नाही, तरी पुढच्या सगळ्या कोशांनी हे वाक्य जसंच्या तसं उचललं. नंतर कागदपत्रं चाळल्यावर ग्रिनिच हॉस्पिटलच्या (हे दवाखान्यापेक्षा म्हाताऱ्या खलाशांचं निवासस्थान होतं) हिशेबांत याच नावाचा एक रंगारी-सजावटकार सापडला, १७२९ ते १७३६ या काळात तिथे कामाला. हा त्याचा बाप असावा असं आता साधारण धरलं जातं. डेटफर्ड आणि ग्रिनिच थेम्सकाठी शेजारी-शेजारीच आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींना कापत नाहीत, उलट जुळतात.

त्यात आणखी डब्लिनचा धागा येतो. १७२८ मध्ये छापलेला डब्लिन शहराचा एक प्रसिद्ध नकाशा आहे, दक्षिण वरच्या बाजूला आणि कडेने शहरातल्या इमारतींची चित्रं, आणि त्यावर करणाऱ्याचं नाव चार्ल्स ब्रूकिंग. मुलगा तेव्हा पाचेक वर्षांचा, म्हणजे तो नक्कीच नाही. हाच बाप, नकाशा उरकून पुढच्या वर्षी ग्रिनिचला कामाला लागला, असा एक तर्क आहे. आडनाव तसं कमी आढळणारं आणि सालंही बसतात, पण पुरावा म्हणावा तर एवढाच, नाव आणि साल. ग्रिनिचचा बाप मानायला हरकत दिसत नाही, डब्लिनबद्दल ‘शक्य आहे’ इथेच थांबलेलं बरं.

ब्रूकिंग स्वतः खलाशी होता का यावरही मतं आहेत. समुद्रावर बराच फिरलेला असा त्याचा लौकिक होता, पण एखाद्या जहाजाच्या हजेरीत नाव दाखवून कुणी ते पक्कं केलेलं नाही. चित्रं बघितली तर शिडं, दोर, डोलकाठ्या यांत चूक सापडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वारा एकाच दिशेने वाहतो, म्हणजे ढगांची सावली, लाटांची तोंडं, निशाणाची फडफड आणि शिडांचा फुगा हे सगळं एकाच वाऱ्याशी इमान राखून असतं, हे तेव्हाच्या भल्याभल्यांना जमत नव्हतं. लाटा आखूड आणि तुटक, थेम्सच्या मुखाशी किंवा खाडीत वारा-भरती आमनेसामने आले की उठतात तशा. हे किनाऱ्यावर उभं राहून शिकता येतं की होडीत बसूनच, हा वाद सुटणारा नाही, पण होडीत बसला असणार असंच वाटतं. चित्रांवर तारखा फारशा नाहीत, त्यामुळे काळ ठरवायला जहाजाची बांधणी बघावी लागते. निशाणांचा उपयोग कमी, कारण इंग्रजी आरमाराची लाल, पांढऱ्या, निळ्या निशाणांच्या तांड्यांची पद्धत त्याच्या आधीपासून थेट १८६४ पर्यंत चालू होती.

गुरू कोण ते ठाऊक नाही. डच वळण उघड आहे, विशेषतः धाकटा विलेम व्हान डे व्हेल्डे आणि सायमन डे व्हलीगर. व्हान डे व्हेल्डे १६७२-७३ च्या सुमारास इंग्लंडात आले आणि त्यांची चित्रशाळा ग्रिनिचलाच क्वीन्स हाउसमध्ये होती. धाकटा १७०७ मध्येच गेला, म्हणजे भेट अशक्य, पण चित्रं आणि नकला लंडनभर होत्या.

पोट भरण्यासाठी तो लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका दुकानदाराला चित्रं देई आणि दुकानदार सह्या पुसून विके. दुकानदार नसताना एक सही असलेलं चित्र खिडकीत लागलं, ते फाउंडलिंग हॉस्पिटल या लंडनच्या अनाथालयाचे खजिनदार टेलर व्हाइट यांनी बघितलं आणि पेपरात जाहिरात देऊन चित्रकाराला शोधून काढलं, असा किस्सा आहे. फारच सुबक आहे म्हणून थोडा संशय येतो, पण शेवट खरा: १७५४ मध्ये या अनाथालयासाठी त्याने वारा पाठीशी घेऊन सावकाश चाललेल्या फ्लॅगशिपचं (ताफ्याच्या सरदाराच्या जहाजाचं) भलंमोठं चित्र केलं, आणि त्याच वर्षी त्याला संस्थेचा गव्हर्नर केलं. पीटर मोनामी या आधीच्या समुद्रचित्रकाराच्या तिथल्या चित्राला जोड म्हणून ते काढल्याचं सांगतात.

ऑगस्ट १७५२ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन एलिस त्याला केंटमधल्या शेपी बेटावर घेऊन गेला, सूक्ष्मदर्शकाखालच्या समुद्री ‘झुडपां’ची चित्रं काढायला. यातली बरीचशी झुडपं म्हणजे प्राण्यांच्या वसाहती आहेत हे एलिसने १७५५ च्या ग्रंथात मांडलं. लढायांच्या चित्रांत २३ मे १७४५ ची ‘बॉस्कावेन’ या खाजगी लढाऊ जहाजाची फ्रेंच ताफ्याशी झुंज नाव घेण्यासारखी.

क्षयाने गेला. सततच्या डोकेदुखीवर चुकीचा वैद्यकीय सल्ला मिळाला म्हणून गेला असंही लिहिलंय. बायको-मुलं पार कंगाल. लंडनमधलं पहिलं सार्वजनिक चित्रप्रदर्शन १७६० मधलं, म्हणजे ते एका वर्षाने हुकलं, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल प्रदर्शनांच्या याद्यांचा आधारच नाही. कामं टिकली ती बॉयडेल, कानो या छापचित्रकारांनी काढलेल्या छापांमुळेही.

त्याचा प्रभाव दिसतो तो डॉमिनिक सेरेसवर. हा जन्माने फ्रेंच, ब्रूकिंगचा मित्र, काहीजण शिष्यही म्हणतात. याच सेरेसने नंतर फेब्रुवारी १७५६ मधला घेरियाचा पाडाव रंगवला, घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग, तुळाजी आंग्र्यांकडून गेला तो. ब्रूकिंगची चित्रं मुख्यतः ग्रिनिचचं नॅशनल मरिटाइम म्युझियम, लंडनचं टेट आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं संग्रहालय इथे आहेत. बिनसहीची कामं त्याच्या नावावर घालताना मात्र जपून, कारण पुसलेल्या सह्यांचा जसा फायदा व्हान डे व्हेल्डेच्या नावाला झाला तशी आता दुसऱ्यांची चित्रंही याच्या नावाने विकायला येतात.